थांबलेला आकडा

मेस्त्रीला कुणी काही झालं म्हणून सांगितलं, की तो विचारायचा, "आणि मधे?"

आमचा फिलिप मनोरीचा. सकाळी येऊन तो सांगे की बोटीतून मार्वेला उतरलो, बस धरली आणि हा आलो. मेस्त्री समोरच्या कागदावरून मान न उचलता म्हणे, "बोटीतून उतरलास. बसमध्ये चढलास. आणि मधे?" मग मधे चहा प्यायलो, एक सिगरेट ओढली, हे सगळं फिलिपला ओकावं लागे. आम्ही हसायचो. मेस्त्री हसत नसे, कारण त्याने चेष्टा केलेलीच नसे. त्याच्या आईने एकदा मोठ्या खटपटीने एक स्थळ आणलं होतं. मुलीचे मामा सांगत होते, मुलगी आधी दादरच्या शाळेत शिकवायची, आता ठाण्याच्या शाळेत शिकवते. या बाबाने तिथेही विचारलं, "आणि मधे?" मामा जे उठले ते पोहे तसेच टाकून गेले. हे मला त्याच्या आईनेच सांगितलं, आणि सांगताना त्या माउलीला हसावं की रडावं कळत नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अंधेरीच्या एमआयडीसीत रबराच्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खालून येणारा वास डब्यातल्या भाजीला लागायचा. आम्ही कॉम्प्युटर बनवायचो. बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत मी नक्की काय करते हे कुणाला समजत नसे, आणि माझी आई "बँकेसारखंच काहीतरी" म्हणून वेळ मारून न्यायची. आमच्या कंपनीचे मुख्य कर्णिकसाहेब. त्यांच्या डोक्यातून निघालं की आपल्या मशीनमध्ये एकाऐवजी दोन प्रोसेसर घालायचे. दोन मेंदू, दुप्पट काम, असा त्यांचा सरळ हिशेब. ते बसवायचं काम फिलिपचं आणि त्याने ते चोख केलं. पण त्या दोघांना एका घरात नांदायला लावणारी जी मुळातली प्रणाली असते, जिला आम्ही कर्नल म्हणतो, ती मेस्त्रीकडे होती. मी नवीन लागले तेव्हा मला त्याच्या हाताखाली दिलं.

"सर, मी शैला..."

"सर नको. मेस्त्री म्हण. आणि अहो-जाहो करत बसलीस तर प्रश्न विचारायला घाबरशील. तू म्हण."

दहा-बारा वर्षांनी मोठ्या माणसाला तू म्हणायला माझी जीभ आठवडाभर वळेना. एकदा वळली ती मग कायमची.

काम काय ते त्याने मला पहिल्याच दिवशी डाळीवरून समजावलं. "एका स्वयंपाकघरात दोन जावा आहेत. चुलीवर डाळ. थोरलीने चव घेतली, अळणी. ती मिठाचा डबा घ्यायला वळली. तेवढ्यात धाकटी आली, तिने चव घेतली, अळणी. आता दोघीही मीठ घालणार. चूक कुणाची?"

"दोघींची," मी म्हणाले.

"का? एकीला माहेरी पाठव. दुसरी एकदम सुगरण. दोघींनी सगळं बरोबर केलं आणि डाळ खारट झाली. चव घेतली आणि मीठ घातलं, याच्या मधे दुसरी येऊन गेली."

"मग करायचं काय?"

"घरात चमचा एकच ठेवायचा. जिच्या हातात चमचा, तिनेच चव घ्यायची आणि तिनेच मीठ घालायचं. तोवर दुसरीने दारात उभं राहायचं."

इंग्रजीत त्याला दुसरा शब्द आहे, पण आमच्या ऑफिसात अखेरपर्यंत तो चमचाच राहिला. "इथे चमचा न घेताच हात घातलायस," असं मेस्त्री माझ्या कागदावर पेन्सिलीने लिहायचा. कर्णिकसाहेबांकडे परदेशी पाहुणे आले की आम्हाला फार जपून बोलावं लागे.

हे ऐकायला सोपं वाटतं. खरी वाट लागते ती अशी, की कर्नल लिहिणाऱ्यांनी तो एकाच प्रोसेसरसाठी लिहिलेला असतो. एकटीचं स्वयंपाकघर. त्यात दुसरी बाई आणली की कुठल्या कुठल्या भांड्यात दोन हात जाणार ते भांडं-भांडं तपासून बघावं लागतं. आणि चूक झाली तरी रोज दिसत नाही. दोन्ही हात नेमके एकाच क्षणी आले तरच दिसते. महिनाभर जेवण उत्तम होतं, एक दिवस ताट फेकून द्यावं लागतं, आणि पुन्हा महिनाभर उत्तम. असा दोष पकडायला विशिष्ट प्रकारचा माणूस लागतो. सुखी माणसाचं ते काम नाही.

मेस्त्री उंच, किडकिडीत, आणि वाकलेला. कर्नलचे कागद तो टेबलावर वाचत नसे. एकमेकांना जोडलेल्या कागदांची ती लांबलचक पट्टी तो पॅसेजमध्ये जमिनीवर पसरायचा आणि गुडघ्यांवर रांगत वाचायचा. कॉम्प्युटरच्या खोलीत तेव्हा चपला-बूट बाहेर काढून जावं लागे, त्यामुळे त्याचे भोक पडलेले मोजे सगळ्यांच्या ओळखीचे होते. आमच्या इमारतीत जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट होती. तिच्यात तो कधी बसला नाही. दोन मजल्यांवरून दोघांनी एकदम बटण दाबलं तर ती काय करते ते मी पाहिलंय, एवढंच म्हणायचा. काय पाहिलं होतं ते सांगत नसे, पण त्या दिवसापासून मीही जिन्याने जाऊ लागले. त्याच्याजवळ राहिलं की हे असं व्हायचं. धडधाकट चाललेल्या गोष्टींची भीती वाटू लागायची.

मुलुंडला त्यांच्या दोन खोल्या होत्या. गिरणी बंद पडल्यावर वडील वेंगुर्ल्याकडे गावी गेले आणि तिथेच वारले. घरी हा आणि आई. मी एकदा जेवायला गेले तेव्हा बांगड्याचं तिखलं वाढता वाढता ती मला म्हणाली, "ह्येका काय तरी सांग गो बाय. जेवक बसलो तरी भिंतीकडे बघत रवता." मी बघितलं. खरंच बघत होता. तो असा का झाला याचं कारण मी पुष्कळ दिवस शोधत होते, नंतर सोडून दिलं. काही माणसांना कारण लागत नाही.

दोष शोधायची त्याची एक रीत होती. ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवायच्या. एकीवर मी, एकीवर तो. मी एक नंबरचा प्रोसेसर, तो दोन नंबरचा. दोघांच्या हातात कर्नलचे तेच कागद. मी माझ्या ओळी मोठ्याने वाचायच्या आणि त्यात जे लिहिलंय ते करायचं. चमचा घे म्हटलं की टेबलावरचा खराखुरा स्टीलचा चमचा उचलायचा. एकाने दुसऱ्यासाठी काम ठेवायचं ते चिठ्ठीवर लिहून मधल्या ट्रेमध्ये. झोप म्हटलं की टेबलावर डोकं टेकून डोळे मिटायचे, आणि दुसऱ्याने पेल्यावर चमचा वाजवल्याखेरीज उठायचं नाही. फिलिप बाजूला उभा. तो वाटेल तेव्हा टाळी वाजवणार. टाळी वाजली की वाचणाऱ्याने असेल त्या ओळीवर गप्प व्हायचं आणि समोरच्याने सुरू करायचं. कर्णिकसाहेबांना हा खेळ अजिबात आवडत नसे. चांगली शिकलेली माणसं कामाच्या वेळात टाळ्या वाजवतायत आणि झोपतायत, हे कुणी पाहिलं तर काय म्हणेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आम्ही दार लावून खेळायचो.

त्या वर्षी कंपनीला पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळालं. चेंबूरच्या बाजूचा एक रासायनिक कारखाना. तिथे क्लोरीनच्या टाक्या होत्या. टाकीतला दाब किती आहे ते आमच्या मशीनने सतत वाचायचं, पडद्यावर दाखवायचं, आणि तो धोक्याच्या वर गेला की घंटा वाजवायची. घंटा वाजली की कामगार मोठं चाक फिरवून एक झडप उघडणार आणि जादा वायू चुन्याच्या पाण्यात सोडून देणार. इतकं साधं काम. अंधेरीत आम्ही खऱ्या टाकीऐवजी फिलिपने बनवलेला एक खोका जोडला होता. त्याचं बटण फिरवलं की पडद्यावरचा दाब वर-खाली व्हायचा.

एका दुपारी फिलिपने बटण फिरवलं आणि पडद्यावर काही झालं नाही.

त्याने भराभर पुढे-मागे फिरवून पाहिलं. आकडा जागच्या जागी. घंटाही वाजली नाही. पडदा काळा पडला नव्हता, कुठे चुकीची अक्षरं उमटली नव्हती. सुरेख, हिरवा, सुरक्षित दाबाचा आकडा दिसत होता, आणि खोक्यातला दाब केव्हाच धोक्याच्या वर गेला होता. मशीन मेलं होतं आणि त्याचा चेहरा तसाच राहिला होता. मेस्त्री पडद्याच्या अगदी जवळ जाऊन तो आकडा बघत राहिला.

मशीन बंद करून चालू केल्यावर सगळं ठीक झालं. मग ते आठ-पंधरा दिवसांत एकदा असं थांबू लागलं. कुठे थांबतं ते कळावं म्हणून मेस्त्रीने कर्नलमध्ये एक ओळ घातली. एकाने दुसऱ्याला उठवलं की प्रिंटरवर एक शब्द छापायचा, एवढंच. आणि ती ओळ घातल्यापासून मशीन एकदाही थांबलं नाही. महिना गेला, दुसरा गेला. प्रिंटर खडखडत राहिला आणि मशीन चालत राहिलं.

कर्णिकसाहेबांनी पेढे मागवले.

"मेस्त्री, घे रे. झकास काम केलंस."

"मी काही केलं नाही, साहेब. ते गेलेलं नाही, लपलंय. छापण्यात वेळ जातो म्हणून दोघांची ती नेमकी गाठ पडत नाही इतकंच."

"मग छापू दे ना. कागदच जातोय."

"दोष काय आहे ते मला माहीत नाही. माहीत नसताना मशीन तिकडे पाठवू नका."

"आणि कधी सापडणार तुला? वर्षाने? तारीख देऊन बसलोय मी." ते पेढ्याचा खोका पुढे करून उभे राहिले. मेस्त्रीने पेढा घेतला नाही. आम्ही सगळ्यांनी घेतला. ती छापणारी ओळ तशीच ठेवून मशीन चेंबूरला गेलं.

बसवायला मेस्त्री आणि मी गेलो होतो. कंट्रोल रूमची एक भिंत काचेची होती, तिच्यातून टाक्या दिसायच्या. तिथले ऑपरेटर सकपाळ, पन्नाशीचे, चिपळूणकडचे. मशीन येण्यापूर्वी ते दर थोड्या वेळाने शिडी चढून टाकीवरचा काटा डोळ्यांनी बघून यायचे. आता त्या फेऱ्या बंद होणार होत्या. कारखान्याच्या भिंतीला लागूनच झोपड्या होत्या आणि तिथली पोरं भिंतीवर बसून आमची धावपळ बघत होती. सकपाळांनी मशीनला हार घातला, नारळ वाढवला, आणि खोबरं देता देता मेस्त्रीला विचारलं, "साहेब, एक विचारू? हे बंद पडलं, तर आमाला कळणार कसं?"

मेस्त्री खोबरं हातात तसंच धरून पडद्याकडे वळला. परतीच्या बसमध्ये घाटकोपर आल्यावर तो म्हणाला, "त्या माणसाने एकच प्रश्न विचारला, आणि तो बरोबर होता."

त्यानंतर त्याने दुसरं काही केलंच नाही. दार लावून खुर्च्या मांडायच्या, ओळीमागून ओळ वाचायची. फिलिप कंटाळला, मीही कंटाळले. अशाच एका सकाळी माझी ओळ आली, "काम आहे का बघ." मी समोरचा ट्रे बघितला. रिकामा. पुढची ओळ, "नसेल तर झोप." मी डोकं टेकायला वाकले आणि फिलिपने टाळी वाजवली. मी अर्धवट वाकलेली तशीच थांबले. मेस्त्रीने त्याच्या ओळी वाचल्या, ट्रेमध्ये एक चिठ्ठी ठेवली आणि पेल्यावर चमचा वाजवला. मी तर जागीच होते. जाग्या माणसाला उठवायचं काय? फिलिपने पुन्हा टाळी दिली. माझी राहिलेली ओळ होती झोपण्याची. मी डोकं टेकलं, डोळे मिटले आणि वाट बघू लागले.

पेला वाजेना. खालच्या कारखान्यातली यंत्रं ऐकू येत होती. मला वाटलं मेस्त्री कागद उलटतोय. बऱ्याच वेळाने त्याचा आवाज आला, अगदी हळू.

"आता मी काय वाचायचं? मला पुढची चिठ्ठी ठेवायला ट्रे रिकामा पाहिजे. तू उचललीस की तू मला उठवणार. म्हणून मीही झोपतो."

मी डोळे उघडले. त्यानेही टेबलावर डोकं टेकलं होतं. ट्रेमध्ये ती चिठ्ठी तशीच पडली होती.

"किती वेळ असेच झोपणार?" फिलिपने विचारलं.

"कायमचे," मेस्त्री म्हणाला.

दोष सापडला होता. औषध दोन ओळींचं. काम आहे का ते बघण्याआधी चमचा हातात घ्यायचा, आणि झोप लागेपर्यंत सोडायचा नाही, म्हणजे मधे कुणाला हाक मारताच येत नाही. मी आनंदाने फिलिपचा हात धरून नाचायचीच बाकी होते. मेस्त्रीचा चेहरा मात्र उतरत चालला होता. तो कागदावर काहीतरी मांडत होता. "टाकी शांत असते तेव्हा दाबाच्या चिठ्ठ्या सावकाश येतात," तो म्हणाला. "तेव्हा गाठ पडणं कठीण. दाब भराभर चढायला लागला की चिठ्ठ्या भराभर येणार, आणि तेव्हाच पडणार. म्हणजे ज्या दिवशी घंटा वाजायला पाहिजे, नेमकं त्याच दिवशी हे झोपणार." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "छापणं चालू आहे तोवर ठीक आहे."

छापणं चालू नव्हतं. कारखान्याच्या साहेबांनी कर्णिकसाहेबांना फोन करून तक्रार केली होती की तुमचा प्रिंटर दिवसभर एकच शब्द छापत बसतो आणि कंट्रोल रूममध्ये कागदाचे ढीग लागलेत. कर्णिकसाहेबांनी फोनवरूनच सांगितलं, अमुक बटण दाबा, बंद होईल. दोन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. आम्हाला सांगायचं त्यांच्या लक्षातही राहिलं नव्हतं. छापण्याची एक फालतू ओळ ती, तिचं कुणाला काय सांगायचं?

ते बटण असं होतं की छापणं बंद केव्हाही करता येई, पण पुन्हा सुरू करायला मशीन थांबवून नव्याने चालू करावं लागे. नवा कर्नल चढवायलाही तेच. मेस्त्री सुधारलेल्या कर्नलची टेप घेऊन चेंबूरला धावला. कारखान्याच्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, टाक्या भरलेल्या असताना दाबावरची नजर दहा मिनिटंही काढता येत नाही, तसा सुरक्षेचा नियमच आहे. वार्षिक देखभालीला कारखाना थांबेल तेव्हा काय ते करा. ती चार महिन्यांवर होती. मेस्त्रीने फार सांगून पाहिलं. साहेबांनी पडद्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "चालतंय की."

मग मेस्त्रीने जे केलं त्यामुळे आमच्या ऑफिसात त्याला वेडा ठरवलं गेलं. मशीनच्या देखरेखीला कारखान्यात एक इंजिनीअर बसवायचा असतो, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. ते अगदी नवशिक्या पोरांचं काम. मेस्त्रीने ते मागून घेतलं. कर्णिकसाहेबांनी मुकाट्याने दिलं, बहुधा सुटकेचा श्वासही टाकला असेल. तो रोज मुलुंडहून चेंबूरला जाऊ लागला आणि त्या पडद्यासमोर बसू लागला. नवा कर्नल असलेली टेप बाजूला, टेबलावर. मशीन चालू असेतोवर ती लावता येत नव्हती. मशीन थांबलं की मात्र कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. रोगी मरायची वाट बघत औषध घेऊन बसलेला डॉक्टर कुणी पाहिला नसेल. मी पाहिलाय.

सकपाळांचं आणि त्याचं चांगलं जमलं. त्याने त्यांना एकच गोष्ट शिकवली. आकडा ठीक आहे का ते बघू नका, शेवटचा अंक हलतो का ते बघा. खरी टाकी कधी पूर्ण स्थिर नसते, शेवटचा अंक सारखा थोडा थरथरतो. थरथर थांबली की समजायचं. त्याने टाकीच्या फेऱ्याही पुन्हा सुरू करवल्या. मेस्त्री नसेल तेव्हा त्या खुर्चीत सकपाळ बसायचे, ते नसतील तेव्हा पाळीतला आणखी कुणीतरी. ती खुर्ची रिकामी ठेवायची नाही, असा त्याने दंडकच घातला होता.

मी तिकडे गेले तो मे महिना होता. कर्णिकसाहेबांनी त्याला परत बोलावलं होतं, तोच निरोप घेऊन गेले होते. फिलिपने त्याच्यासाठी सुके बोंबील दिले होते, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्या एसी खोलीत तो वास असा काही पसरला की सकपाळ म्हणाले, "बाई, ही पुडी क्लोरीनपेक्षा डेंजर हाय." मेस्त्री हसला. मी त्याला क्वचितच हसताना पाहिलं होतं. तो फार वाळला होता, डोळे लाल झाले होते. माझ्याशी बोलतानाही तो पडद्याकडेच बघत होता.

"साहेब म्हणतायत, परत ये. नवीन मशीनचं काम..."

"देखभालीला अजून महिना आहे. ती झाली की मी येतोच. आईला सांग, तोवर..." तो बोलता बोलता थांबला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "शैला, शेवटचा अंक बघ."

मी बघितला. तो हलत नव्हता.

"सकपाळ, भोंगा वाजवा आणि माणसं बाहेर काढा. भिंतीपलीकडची पण. शैला, तू टेप लाव."

"आणि तू कुठे चाललास?"

"काटा बघून येतो."

"साहेब, चाक फिरवणं माझं काम हाय," सकपाळ म्हणाले. "मास्क आणतो, थांबा."

"आधी भोंगा. मास्क घेऊन मागून या." आणि तो गेला.

मी टेप लावत होते आणि काचेतून बघत होते. भोंगा वाजू लागला, माणसं गेटकडे पळू लागली. मेस्त्री शिडी चढला, काट्यासमोर क्षणभर थांबला, आणि दोन्ही हातांनी ते चाक धरलं. मशीन आल्यापासून ते चाक कुणी फिरवलंच नव्हतं. वायू बाहेर येऊ नये म्हणून त्याच्या दांड्याभोवती गुंडाळलेलं वेष्टण सुकून गेलं होतं. चाक हललं तसा दांड्याच्या बुडातून पिवळसर हिरवा धूर निघू लागला. त्याने तोंड दुसरीकडे वळवलं आणि फिरवत राहिला. सकपाळ मास्क लावून, दुसरा हातात घेऊन धावत शिडीपाशी पोचले तेव्हा झडप पूर्ण उघडली होती.

मास्क यायला असा किती वेळ लागणार होता? मी आजही रागाने हा प्रश्न विचारते. चमचा हातात आल्याशिवाय डाळीला हात लावू नका म्हणून जन्मभर आमच्या मानगुटीवर बसलेला माणूस तो. पण काटा त्याने बघितला होता. मी बघितला नव्हता.

कर्नल चढला. पडद्यावर नवा आकडा आला, धोक्याच्या पुष्कळ वर, आणि घंटा घणघणू लागली. मग तो हळूहळू उतरायला लागला.

भिंतीपलीकडे कुणाला काही झालं नाही. सकपाळांना काही झालं नाही. मेस्त्री तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये वारला. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टर म्हणाले, त्या वायूचं असंच असतं, आधी माणूस बरा वाटतो. त्या तीन दिवसांत जवळच्या नातलगांखेरीज कुणाला आत सोडत नव्हते. कारखान्याच्या चौकशीत सुकलेल्या वेष्टणावर ठपका आला, मशीनचं नावही निघालं नाही. त्याच्या आईने मला विचारलं, तो तिथे नेमकं काय काम करत होता. मी डाळीपासून सांगायला सुरुवात केली. ते मशीन पुढे कित्येक वर्षं चाललं, आणि पुन्हा एकदाही थांबलं नाही.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते कारखान्याच्या जीपमध्ये. सकपाळांनी त्याला खाली उतरवून पुढच्या सीटवर बसवलं होतं आणि ते त्याला धरून उभे होते. तोंडावर ओला टॉवेल होता. खोकत होता, पण ताठ बसला होता, त्यामुळे मला उलट हायसंच वाटलं. मी धावत जाऊन सांगितलं, "लागली टेप. आकडा उतरतोय." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. कंट्रोल रूममध्ये कुणीच नव्हतं. सगळे बाहेर होते.

"मी येते तुझ्याबरोबर," मी म्हणाले.

त्याने मान हलवून नाही म्हटलं. बोलता येत नव्हतं, म्हणून हात उचलून कंट्रोल रूमकडे बोट केलं. मला वाटलं काही विसरलंय. तो ते बोट खाली घेईना. मग मला कळलं, आणि मी मागे फिरले. जीप सुरू झाल्याचं मी चालता चालता ऐकलं. आत गेले, त्याच्या खुर्चीत बसले आणि शेवटचा अंक बघत राहिले. तो हलत होता.